आपल्याला आलेलं बोलावणं

या, असे जवळ या. दाराशी कशाला बसता, तिथं वारा लागेल आणि शब्दही अर्धे उडून जातील. पुढं सरका, मांडी घाला. आज एका शब्दाची गोष्ट सांगायची आहे. शब्द एवढासा, रोज तुमच्या-आमच्या तोंडात असलेला. पण त्यानं एका भल्या बाईचा घात केला. शब्दानं केला की माणसानं, ते ऐकून तुम्हीच ठरवा.

शब्द आहे ‘आपण’. आपल्या बोलीवर देवाची मोठी कृपा बरं का! ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा माणूस उंबऱ्याबाहेर उभा राहतो. ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो, घरचा होतो. पण हा ‘आपण’ मोठा बहुरूपी. समोरच्याला मान द्यायचा तरी ‘आपण’, दोघांना एका पंक्तीला बसवायचं तरी ‘आपण’, आणि कुणी एकटाच स्वतःपुरतं बोलत असला तरी ‘आपण आपलं काम करावं’ म्हणून मोकळा. देवाशी बोलताना हे फार गोड आहे. तू कुठं संपलास आणि मी कुठं सुरू झालो, हे कळूच नये, हीच तर तिथली मजा. पण नोकरीच्या गोष्टी बोलताना कळायला नको का?

तर एक कापड रंगवायचा कारखाना होता. त्याच्या वरच्या मजल्यावर, उजेडाच्या अंगाला, एक रंगखोली. गिऱ्हाइकानं कापडाची चिंधी पाठवायची आणि म्हणायचं, अगदी हाच रंग हवा. मग रंगखोलीतल्या माणसांनी थेंब-थेंब रंग मिसळून तुकडा रंगवायचा, वाळवायचा, चिंधीशेजारी ठेवायचा आणि डोळे बारीक करून बघायचं. आधी खिडकीच्या उजेडात, मग दिव्याच्या पेटीत. कारण रंग मोठा लबाड. दिवसा जुळतो आणि दिव्याखाली तोंड फिरवतो.

त्या खोलीत भिंती करड्या, टेबलं करडी, माणसांचे अंगरखेही करडे. भडक काही जवळ असलं की त्याची झाक नजरेत उतरते, म्हणून तिथं रंगीत कपड्यांना बंदी. आणि आपली ही बाई नोकरीच्या पहिल्याच दिवशी आली ती पोपटी स्वेटर घालून! नवा, आईनं विणून आतून करडं अस्तर लावलेला. खोलीच्या मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, “पोपटाला पिंजऱ्यात यायचं असेल तर पिसं बाहेर काढून ठेवावी लागतात.” सगळे हसले. बाईनं स्वेटर उलटा करून घातला आणि दिवसभर शिवणी मिरवत काम केलं. त्या दिवसापासून मास्तरांसाठी ती पोपट आणि बाकीच्यांसाठी पोपटताई.

मास्तर म्हणजे खोलीचे प्रमुख. तापट, पण हाडाचे शिकवणारे. तिला त्यांनी अक्षरशः बोट धरून रंग शिकवला. काळ्यात किती हिरवं असतं, पांढऱ्याला कुठून ताप चढतो, थकलेल्या डोळ्यांना लाल कसा फसवतो, सगळं. तीही अशी शिकली की मास्तरांनी तुकडा नुसता पुढं केला, तरी ‘निळं जास्त झालं’ हे त्यांच्या भुवईवरून तिला कळायचं. वर्षं गेली. तिचे वडील वारले तेव्हा मास्तर चार दिवस रोज घरी येऊन तिच्या आईजवळ न बोलता बसून राहिले होते. मग तिनं त्यांना बापाच्या जागी मानलं, तर त्यात तिचं काय चुकलं?

त्या वर्षी मास्तर निवृत्त होणार होते. त्यांच्या खुर्चीत कोण बसणार, याची खालच्या मजल्यावर पैज लागायची. पोपटताई मात्र तो विषय निघाला की बरण्या पुसायला लागायची. तिचा एक मोठा दोष होता. तिच्या जिभेवर ‘मला’ हा शब्द अडायचा. भूक लागली तरी म्हणायची, “घरात काही खायचं आहे का?” पाय दुखले तरी म्हणायची, “आज जिने फार झाले नाही?”

आणि अशा बाईला एके दिवशी फोन आला. नदीपलीकडच्या मोठ्या कारखान्याच्या व्यवस्थापक बाईंचा. एका प्रदर्शनात त्यांनी हिचं काम बघितलं होतं. सरळ म्हणाल्या, “आमच्याकडे रंगखोलीचं प्रमुखपद रिकामं आहे. तुम्ही यावं असं मला वाटतं. तुमच्या अटी काय आहेत त्या सांगा, आठवडाभर वाट बघते.”

अटी! पोपटताईनं फोन ठेवला आणि तडक घर गाठलं.

घरी नवरा फ्रीज दुरुस्त करणारा. गडी विनोदी, तोंडात खिळे धरूनसुद्धा थट्टा करणारा. त्यानं जेवणाचं टेबल मोकळं केलं, स्वयंपाकाचा ॲप्रन गळ्यात अडकवला आणि खुर्चीत ऐसपैस बसला.

“मी व्यवस्थापक बाई. बोला, काय अटी आहेत आपल्या?”

“अहो, काय हे…”

“अहो नाही, मॅडम. बोला लवकर, मला दुसऱ्या मीटिंगला जायचंय.”

ती हसली, पदर सावरला, आणि म्हणाली, “म्हणजे… आपल्याला जरा पगार बरा मिळाला तर…”

“आपल्याला म्हणजे? मलाही मिळणार आहे का? मी तर खुर्चीतच आहे!”

“म्हणजे घराला.”

“घर नोकरीला लागणार नाहीये, अगं! तू लागणार आहेस. ‘मला’ म्हण. म-ला. ओठ मिटायचे आणि उघडायचे, एवढंच आहे.”

दोघं पोट धरून हसले. पण त्या हसण्यात तिचा प्रश्न सुटला नाही. शेवटी ती म्हणाली, “मास्तरांना विचारते. त्यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकणं बरं नाही.”

नवऱ्यानं ॲप्रन काढला. “विचार. पण विचारायचं म्हणजे ऐकायचंच, असं नसतं हां.”

दुसऱ्या दिवशी खोली रिकामी झाल्यावर तिनं मास्तरांना सगळं सांगितलं. मास्तर काचेची भांडी धूत होते. पाणी वाहत राहिलं. त्यांनी नळ बंद केला.

“घाई करू नकोस, पोपट,” ते म्हणाले. “तिकडे यंत्रं मोठी आहेत, पण माणसं? इथं जे उभं केलं ते आपण केलं. मी मालकांशी बोलतो. आपल्याला बाहेरून बोलावणं आलंय म्हटल्यावर ते जागचे हलतील. शेवटी ही खोली आपल्यालाच बघायची आहे ना!”

आपल्यालाच! ऐकलंत? बाईच्या कानात मध ओतल्यासारखं झालं. मास्तर तर निघालेच होते. मग खोली कुणी बघायची? तिनंच. एवढी वर्षं जे कुणी बोललं नव्हतं, ते आज गुरूच्या तोंडून आलं.

“मग तिकडे काय सांगू?” तिनं विचारलं.

“नाही म्हणून मोकळी हो. दोन दगडांवर पाय ठेवून उभं राहू नये.”

“पण मास्तर, मालक काय म्हणतात ते कळेपर्यंत थांबले तर?”

मास्तरांनी हात पुसले, फडकं घडी करून ठेवलं आणि चष्म्यावरून बघितलं, पहिल्या दिवशी बघितलं होतं तसंच. “माझ्या शब्दावर भरवसा नाही?”

आता सांगा, यावर ती काय बोलणार! त्याच संध्याकाळी तिनं नदीपलीकडे फोन करून नम्रपणे नाही सांगितलं. व्यवस्थापक बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, “तुम्ही अट एकही घातली नाहीत. घालून तरी बघायची होती.” नवऱ्याला कळलं तेव्हा तो फ्रीजच्या पाठीत डोकं घालून बसला होता. तिथूनच म्हणाला, “ठरवलंस ना? मग झालं.” पण डोकं बाहेर काढलं नाही.

मध्ये काही दिवस गेले. पोपटताई गुणगुणत कामाला जायची. खिडकीजवळचं कपाट पुढच्या वर्षी कुठं हलवायचं, हेही तिनं मनात ठरवून टाकलं होतं.

मग एका सकाळी मालकांनी सगळ्यांना खालच्या मोठ्या दालनात बोलावलं. चहा होता, बिस्किटं होती. मालक खुर्चीवर चढले आणि म्हणाले, “आनंदाची बातमी आहे. आपले मास्तर निवृत्त होत नाहीत! हात चालतायत तोवर रंगखोली त्यांचीच. आता ते कारखान्याचे मुख्य रंगतज्ज्ञ. तसा करारही झाला.”

टाळ्या झाल्या. सगळ्यांत आधी कुणी वाजवल्या? पोपटताईनं. हातांना सवय होती ना, मास्तरांचं नाव निघालं की वाजायची. वाजवता वाजवता ती थांबली, की आता पुढचं वाक्य येईल, आपलं नाव येईल. मालक खुर्चीवरून उतरले. बिस्किटं फिरली. पुढचं वाक्य आलंच नाही. मागून पॅकिंगवाल्यांपैकी कुणीतरी हळूच म्हणालं, “ताईंचा पोपट झाला की रे!” आणि दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. इतकी वर्षं ते नाव तिनं हौसेनं मिरवलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा ते अंगाला टोचलं.

तरीही, बघा माणसाचं मन कसं असतं, तिला वाटलं काहीतरी राहून गेलं असेल. मास्तर विसरले नसतील, मालकच बोलायचे विसरले असतील. दुपारी एका तुकड्यावर मालकांची मंजुरी हवी होती. ती तुकडा घेऊन त्यांच्या खोलीत गेली. मालक खुशीत होते.

“बसा बाई, बसा. वाचलो आम्ही! त्या नदीपलीकडच्यांनी मास्तरांना पळवलंच होतं.”

“मास्तरांना?”

“मग! स्वतः येऊन म्हणाले, ‘आपल्याला बाहेरून बोलावणं आलंय. प्रमुखपद देतायत.’ या वयात जातो म्हणतायत म्हणजे मागणी केवढी असेल! म्हटलं, मास्तर, मागाल ते देतो, पण जाऊ नका.”

पोपटताईनं तो तुकडा टेबलावर ठेवला. रंग कुठला होता, तिला नंतर कधी आठवला नाही. ती म्हणाली, “ते बोलावणं मला आलं होतं.”

मला. आला बरं शब्द, अखेर आला. पण कधी, तर गाडी निघून गेल्यावर.

मालकांचा चेहरा हळूहळू बदलला. ते मनातल्या मनात मास्तरांचं वाक्य पुन्हा म्हणून बघत होते, हे तिला दिसत होतं. ‘आपल्याला… आपल्याला…’ त्यांनी पेन उचललं, पुन्हा ठेवलं.

“असं असेलही,” ते शेवटी म्हणाले. “पण करार झालाय, बाई. तो आता मोडता येत नाही. आणि एक विचारू? राग मानू नका. तुम्ही स्वतः का नाही आलात? माझं दार काय बंद होतं?”

दार उघडंच होतं. रोज त्याच्यासमोरूनच तर ती जिना चढायची.

ती वर आली. मास्तर खिडकीशी पाठमोरे उभे होते, दोन तुकडे उजेडात धरून. पावलांवरून त्यांनी ओळखलं असणार, पण वळले नाहीत.

“मास्तर, मालकांना तुम्ही काय सांगितलंत?”

“जे होतं ते.”

“बोलावणं तुम्हाला आलं होतं?”

“मी तसं म्हणालो नाही.” आता ते वळले. “एक अक्षर खोटं बोललो नाही मी. ‘आपल्याला’ म्हणालो. तुला आलं म्हणजे या खोलीला आलं, आपल्याला आलं. त्यांनी काय ऐकलं, तो त्यांचा प्रश्न.”

“आणि त्यांनी चुकीचं ऐकलं, हे तुमच्या लक्षात नाही आलं?”

मास्तरांनी हातातले तुकडे पुन्हा उजेडात धरले.

“केसाएवढा फरक असला तर कापडाचा अख्खा तागा परत पाठवता तुम्ही. ‘दिवसा जुळतो, दिव्याखाली पडतो, हा रंग नव्हे, हा धोका आहे’, असं मलाच शिकवलंत. आणि इथं एवढा मोठा फरक दिसला नाही?”

“दिसला.” मास्तरांचा आवाज एकदम म्हातारा झाला. “दिसला, पोपट. दुरुस्त करायला तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात ते म्हणाले, ‘मास्तर, जाऊ नका.’ इतक्या वर्षांत मला कुणी जाऊ नका म्हटलं नव्हतं. घरी जाऊन काय करणार मी? भिंती बघू? तू तरुण आहेस. आपल्याला आणखी बोलावणी येतील.”

“आपल्याला येतील, की मला येतील?”

मास्तरांनी हातातले तुकडे टेबलावर ठेवले, सरळ केले, पुन्हा सरळ केले. त्यांनी तिथं ‘चुकलो’ एवढं म्हटलं असतं, तर ती बाई, मी सांगतो तुम्हाला, त्या क्षणी सगळं विसरली असती. तिचं मन तसंच होतं. देव तर एवढ्या एका शब्दावर किती मोठाले अपराध पोटात घालतो! पण तो शब्द मास्तरांना सापडला नाही. करडा अंगरखा खुंटीला टांगून पोपटताई जिना उतरली.

घरी नवऱ्यानं तिचा चेहरा बघितला आणि थट्टा गिळली. तिनं सगळं सांगितलं. तो पाना हातात घेऊन उठलाच. “मी जातो आणि त्या म्हाताऱ्याला…”

“बसा. पुन्हा माझ्यासाठी दुसरंच कुणीतरी बोलायला नको.”

तो बसला. मग हळूच म्हणाला, “हे बरं बोललीस. हेच उद्या नदीपलीकडे जाऊन बोल.”

नदीपलीकडची ती खुर्ची आता रिकामी कुठली राहायला! एका तरुण माणसाला प्रमुख नेमून झालं होतं. व्यवस्थापक बाईंनी हे फोनवरच स्पष्ट सांगितलं. “त्याच्या हाताखालची जागा आहे. तुम्हाला कमीपणा वाटेल.”

“वाटेल,” पोपटताई म्हणाली. “तरी भेटायला येते.”

गेली. काचेची खोली, समोर पाण्याचा पेला, पलीकडे व्यवस्थापक बाई. पोपटताईची जीभ तशीच जड होती. पण ती बोलली. एकेक शब्द जिना चढावा तसा चढत बोलली.

“जागा हाताखालची असली तरी मी जुळवलेल्या रंगावर मला माझी सही हवी. गिऱ्हाइकांच्या बैठकीला मला स्वतःला बसायचं आहे, माझं काम दुसऱ्याच्या तोंडून तिथं जायला नको. तुमचा नवा विभाग उघडणार असं ऐकलंय. तेव्हा त्याच्या प्रमुखपदासाठी माझा विचार होईल, असं मला आत्ताच सांगा. होणार नसेल तर तेही सांगा. मी खोट्या आशेवर काम करणार नाही.”

व्यवस्थापक बाई खुर्चीत मागं रेलल्या. “हे सगळं तुम्ही मागच्या वेळी मागितलं असतंत तर मी तिन्हीला हो म्हटलं असतं.”

“ठाऊक आहे.”

“सही मिळेल. बैठकीलाही बसाल. नव्या विभागाचं वचन मात्र मी आज देत नाही. विचार होईल, यापलीकडे बोलले तर ते खोटं ठरेल.”

पोपटताईला काय वाटलं असेल? जी खुर्ची मागितल्याशिवाय पुढं आली होती, तिच्या शेजारचं स्टूल आता मागून मिळत होतं. पण समोरची बाई जेवढं होतं तेवढंच बोलली होती, ना जास्त ना कमी. एवढ्या दिवसांत असं सरळ वाक्य तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

“चालेल मला,” ती म्हणाली.

जुन्या कारखान्यातल्या शेवटच्या दिवशी खालच्या मजल्यावरच्यांनी तिला वाटेत अडवून निरोप दिला. पॅकिंगवाल्यानं कान पकडले. मालक जिन्यापर्यंत पोचवायला आले. वरची खिडकी उघडी होती आणि तिथं कुणीतरी उभं होतं. तिनं वर बघितलं नाही. बघितलं असतं तर पाय उचलला नसता, हे तिला पुरतं माहीत होतं.

आज ती नदीपलीकडे आहे. तिच्या सहीचे तुकडे दूरदूरच्या गिऱ्हाइकांकडे जातात. बैठकीत ती ‘मला वाटतं’ म्हणून बोलायला सुरुवात करते आणि माणसं ऐकून घेतात. नवा विभाग अजून उघडलेला नाही. उघडला की खुर्ची कुणाला, ते देव जाणे आणि त्या व्यवस्थापक बाई जाणोत.

पण कधीकधी एखादा अवघड करडा येतो. धड निळ्याकडे नाही, धड तपकिरीकडे नाही. दोन्ही तुकडे उजेडात धरून ती बघत राहते, ठरत नाही, आणि नकळत तिचा हात डावीकडे, जिथं मास्तर उभे असायचे तिकडे, पुढं होतो, शेजारच्या माणसानं बघावं म्हणून. शेजारी कुणी नसतं. ज्या डोळ्यांनी ती बघते ते डोळेही त्यांनीच दिलेले. ते कुठं परत करायचे? परवा नवऱ्यानं विचारलं, “राग गेला का गं?” ती म्हणाली, “राग जाईल हो. पण विचारायला माणूस उरला नाही.”

उद्या देवापुढं हात जोडाल, तेव्हा घरच्यांची नावं घ्यालच. ती घेऊन झाली की क्षणभर डोळे मिटलेलेच ठेवा, आणि नदीपलीकडच्या खिडकीशी दोन तुकडे धरून उभ्या असलेल्या बाईचीही आठवण करा.